दुसऱ्याच्या रानातली येळवस

थंडी ऐन भरात आली की धाराशिवात एक दिवस असा उजाडतो, की गावात प्यायला चहासुद्धा मिळत नाही. दुकानांना कुलपं, रिक्षा गायब, कचेऱ्या बंद. बाहेरच्या जिल्ह्यातून नवीन बदलून आलेला माणूस पहिल्या वर्षी घाबरतोच. काय झालं, बंद आहे का, म्हणून शेजाऱ्याचं दार वाजवायला जावं तर शेजाऱ्याच्या दारालाही कुलूप. झालेलं काही नसतं. वेळ अमावस्या असते आणि अख्खं गाव रानात जेवायला गेलेलं असतं. आम्ही तिला येळवस म्हणतो.

दिवाळी सगळ्या महाराष्ट्राची. येळवस आमची, आणि शेजारच्या लातूरकरांची. ज्वारी डोक्याइतकी झालेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. रानात कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून त्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची आणि लक्ष्मीची पूजा करायची, मग आंबील सगळ्या शेताला शिंपायची आणि जेवायला बसायचं. जेवणात भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, जे हिरवं हाताला लागेल ते सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवतात, ती भज्जी. तिच्यासोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, खिचडा, खीर, धपाटे आणि पोटात जागा नसताना प्यायची आंबील.

आमचं रान बेंबळीच्या रस्त्याला होतं, चार एकर. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गावाच्या दृष्टीनं ते गुरुजी, अजूनही. शेती वाट्यानं दिलेली असायची, पण येळवस त्यांची स्वतःची. आठ दिवस आधी ते टोपी घालून निघायचे आणि घरोघरी जाऊन सांगायचे, "येळवसला यायचं बरं का." फोनवर सांगणं त्यांना मान्य नव्हतं. शिंपी, पोस्टमन, शाळेचा शिपाई, समोरच्या घरात भाड्यानं राहणारं परगावचं जोडपं, सगळ्यांना त्यांचं आवतण. ज्याला रान नाही त्याला आधी सांगायचं, हा त्यांचा नेम. एकदा मी चिडून म्हणाले होते, "दादा, बसस्टँडवर पाटीच लावा ना." त्यांना ती कल्पना फारशी वाईट वाटली नव्हती.

चिडणं हा माझा जुना धंदा आहे. मी त्यांची एकुलती एक लेक. लग्न केलं नाही. त्यावर गावानं जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालंय आणि आता तेही दमलंय. एका महाविद्यालयाच्या कचेरीत मी लिपिक आहे, आईवडिलांजवळच राहते. नाकावर राग आणि जिभेला हाड नाही, असं आई माझं वर्णन करते आणि वर म्हणते, "मनानं चांगली हाय." हे प्रमाणपत्र किती उपयोगाचं असतं ते पुढं कळेलच.

गेल्या उन्हाळ्यात ते चार एकर नव्या रस्त्याच्या आखणीत गेलं. मोबदला रीतसर मिळाला, त्याविषयी तक्रार नाही. मोजणीच्या दिवशी दादा बांधावर उभे राहिले, सह्या केल्या, घरी येऊन अंघोळ केली आणि नेहमीसारखे पेपर वाचत बसले. आम्ही मायलेकी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिथं काही दिसलं नाही. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. मग मार्गशीर्ष संपत आला.

येळवसला आठ दिवस राहिले तसे दादा टोपी घालून निघाले नाहीत. कुणाला आणि कुठं बोलवणार? त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि बसले. थंडी होती, ऊन तिकडं नव्हतं, ऊन मागच्या अंगणात होतं. तरी ते पुढं बसले, फाटकाकडं तोंड करून. पहिल्या दिवशी मला वाटलं पेपरवाल्याची वाट बघतायत. चौथ्या दिवशी ध्यानात आलं. त्यांना कुणीतरी बोलवायला हवं होतं. चाळीस वर्षं ज्यानं गावाला जेवू घातलं, तो माणूस एका आवतणाची वाट बघत होता आणि ते त्याला कुणाला सांगता येत नव्हतं.

फाटक वाजलं की ते पेपर वर करायचे, म्हणजे आपलं लक्ष नव्हतं असं दिसावं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. दूधवाला यायचा, गॅसवाला यायचा. शिंपी एकदा येऊन गेला, ब्लाऊज देऊन गेला. दारातच थोडा घुटमळला, "गुरुजी, तब्येत बरी हाय न्हवं?" म्हणाला आणि निघाला. दादांनी पेपर पुन्हा वर केला.

आई तिकडं स्वयंपाकघरात आपल्या क्रमानं निघालेली. तिनं तीळ निवडले, बाजरी दळून आणली, ताकासाठी विरजण लावलं.

"अगं, हे सगळं नेणार कुठं?" मी विचारलं.

"बघू की. कुठं ना कुठं खाऊच."

सहाव्या दिवशी दादा जेवताना म्हणाले, "यंदा गच्चीवर करू. मोकळी हवा असतीया." त्यांचा आवाज अगदी सहज होता. गच्चीवर पाण्याची टाकी आणि आमचे वाळत घातलेले कपडे. तिथं कोप घालायची आणि आंबील शिंपायची कशाला, सिमेंटला? मग जे होतं तेच झालं, दुःखाचा राग झाला. रात्रभर मी एकेका माणसाचं नाव घेत मनात यादी केली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे सगळे. रान होतं तोवर गुरुजी, रान गेलं की कोण कुठले?

येळवसच्या आदल्या दिवशी कचेरीत कामाला कुणाचाच हात लागत नव्हता. कुणाकडं चुका मिळाला नव्हता, कुणाच्या वाटाण्याला कीड निघाली होती, कुणाच्या जीपमध्ये किती माणसं बसतील त्याचा हिशेब चालला होता. माझ्या शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते. बारा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. तिच्या सासरचं रान बेंबळीच्या पलीकडं आहे. दर येळवसला ते लोक आपल्या रानातली पूजा आटपून, चार घास खाऊन, पुन्हा आमच्याकडं जेवायला यायचे. तिचे सासरे आणि दादा कोपीच्या सावलीला बसून दिवस मावळेपर्यंत बोलायचे. ती त्या दिवशी पिशवीतून तुरीच्या शेंगा काढून टेबलावर सोलत बसली होती. माझा तोल तिथंच गेला.

"बारा वर्षं आमच्या रानातली भज्जी खाल्लीस," मी म्हणाले. "यंदा एकदा तोंडानं 'या' म्हणायला जड गेलं?"

आजूबाजूच्या माना वळल्या. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणलं होतं की," ती म्हणाली.

"कधी?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सोनं दिलं तवा. हिथंच." ती अगदी हळू बोलत होती, मला वाचवायला. "तूच म्हणालीस..."

आणि मला सगळं आठवलं. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवत ती म्हणाली होती, यंदा येळवसला गुरुजींना आमच्या रानात घेऊन ये. रान जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. सगळी कचेरी उभी होती. मी मान ताठ करून म्हणाले होते, "आमचे दादा कुणाच्या बांधावर ताट घेऊन जायचे नाहीत. तेवढी पाळी अजून आलेली नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणून झाल्यावर मी पेढा खाल्ला होता, हेही आठवलं.

एवढ्याशा गावात असं वाक्य एका जागी बसत नाही. ते कचेरीतून शिंप्याकडं गेलं, पोस्टात गेलं, समोरच्या भाडेकरूंपर्यंत गेलं. गुरुजींना बोलवलेलं आवडणार नाही, त्यांना लागेल, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. शिंपी दारात का घुटमळला ते मला आत्ता कळलं. घोडं कुठं पेंड खात होतं ते शोधायला मी मनात गावभर फिरले होते आणि घोडं माझ्याच दारात बांधलेलं होतं. कुणी दादांना विसरलं नव्हतं. सगळे त्यांचा मान राखत होते, माझ्या शब्दाखातर.

"आता बोलव," मी म्हणाले.

"मी बोलवीन," ती म्हणाली, "पण आधी तू त्यांना सांग. न्हायतर त्यांना वाटंल, तू मागून आणलंस."

ते खरं होतं. दादांना नुसतं आवतण पुरलं नसतं. मागून आणलेल्या आवतणावर ते चहालासुद्धा गेले नसते. घरी जाईपर्यंत मी तीन खोट्या गोष्टी जुळवल्या आणि तिन्ही सोडून दिल्या. दिवेलागण झाली होती. दादा आणि आई खाली चटईवर बसून हरभऱ्याची भाजी खुडत होते, गच्चीवरच्या येळवसची. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दसऱ्याला काय म्हणाले, कुणाकुणासमोर म्हणाले, सगळं.

आईचा हात थांबला. दादा खुडत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी दसऱ्यालाच बोलावलं होतं म्हण की."

"होय."

"मला वाटलं, इसरले." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत घातला. त्यांचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. मला वाटलं, मी सुटले. ते मला रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढच्या क्षणी वाटलं.

"ताट घेऊन जायचे न्हायत म्हणालीस," ते म्हणाले. "आपल्याकडं चाळीस वर्षं माणसं आली. ती काय ताट घेऊन आल्ती व्हय?"

मी त्या सगळ्या माणसांना, त्या शिंप्याला, शिपायाला, त्या परगावच्या जोडप्याला, एका वाक्यात भिकारी करून टाकलं होतं आणि वर त्यांनाच कृतघ्न म्हणत होते. मी तिथंच चटईच्या कडेला बसले आणि रडले. आईनं भाजीची पाटी माझ्यापुढं सरकवली. "खुड," म्हणाली. "दोन्ही हातांनी खुड, लई व्हायची हाय."

"उद्या त्यांच्याकडं जायचं का, दादा?"

"बघू," ते म्हणाले. शिक्षकांचा 'बघू' म्हणजे काय ते त्यांच्या विद्यार्थ्यांनाही कधी कळलं नाही.

सांगून झालं, एवढं मी रात्रीच मैत्रिणीला कळवलं. सकाळी साडेआठला फाटक वाजलं. दादा व्हरांड्यात होते, पेपर मांडीवर. या वेळी त्यांनी तो वर केला नाही. मैत्रीण आणि तिचे सासरे जीपमधून उतरले. सासरे ऐंशीच्या घरातले, एका गुडघ्यानं अधू. त्यांनी पायरीवरच बैठक मारली. चहा नको, पाणी नको.

"गुरुजी, बारा वर्सं तुमच्या कोपीत जेवलो," ते म्हणाले. "आज आमच्या कोपीत चला."

"आता लई गर्दी आसंल तुमच्याकडं," दादा म्हणाले. हे दादांचं मन होतं की मान, मला सांगता येणार नाही.

"तुमी न्हाय म्हणा, म्या हिथंच बसतो. मग आमच्या रानाला आंबील कुणी शिपायची, ते तुमीच ठरवा. मला काय, ह्या पायरीला ऊन चांगलं हाय."

पायरीला ऊन मुळीच नव्हतं. दादा उठले आणि आत जाऊन टोपी घालून आले. आईनं तर आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, केव्हाच फडक्यानं बांधून ठेवलं होतं. तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

जीप बेंबळीच्या रस्त्यानं निघाली, म्हणजे आमच्या जुन्या रानावरून जाणं आलंच. मी मुद्दाम मैत्रिणीशी मोठ्यानं काहीबाही बोलत राहिले. तिथं आता मुरमाचा उंच भराव आहे, दोन रोलर उभे होते. त्यांचेही चालक कुठंतरी रानात जेवायला गेले असणार. दादांनी काच खाली केली आणि शांतपणे बघितलं.

"मुरूम चांगला दाबलाय," ते म्हणाले. मग त्यांनी काच वर केली.

रानात पोचलो तेव्हा पूजेची तयारी झालेली होती. चारी बाजूंच्या शिवारातून माणसांचा आवाज येत होता. एरवी जिथं टिटवी ओरडली तरी दचकायला होतं, तिथं त्या दिवशी जत्रा असते. शिंपी होता. पोस्टमन होता, रिटायर झालेला. मला बघून दोघांनी मान हलवली आणि जणू काही झालंच नाही असं वागले. मी शिंप्याजवळ जाऊन म्हणाले, "काका, माझं चुकलं." तो म्हणाला, "ब्लाऊज नीट बसला का?" तेवढ्यावर ते मिटलं.

पूजा झाली. सासऱ्यांनी आंबिलीचं भांडं उचललं, दोन पावलं टाकली, गुडघ्यावर हात ठेवला आणि भांडं दादांपुढं धरलं. "तुमी शिपा, गुरुजी. माझा पाय वळत न्हाय."

सगळे बघायला लागले. मला मनापासून वाटलं, घ्यावं त्यांनी. पण दादांनी भांड्याला नुसता हात लावून नमस्कार केला. "ज्याचं रान त्यानंच शिपायचं," ते म्हणाले. "तुमी हळू चला. आमी मागं हाव. घाई कुणाला हाय?"

मग सासरे एकेक पाऊल टाकत बांधाकडेनं निघाले, पळसाच्या पानानं आंबील उडवत, आणि दादा त्यांच्या मागं, बाकीचे दादांच्या मागं. शिंपताना द्यायची आरोळी कानडी वळणाची आहे, तिचा अर्थ आमच्यात कुणालाच लागत नाही आणि त्यामुळं कुणी ती कमी जोरात देत नाही. दादांचा आवाज त्या घोळक्यात होता, सगळ्यांच्या आवाजाएवढाच. एरवी तो सगळ्यांत पुढं असायचा. पाऊण तास लागला. मी इतकी सावकाश शेताला कधी फेरी घातलेली नव्हती.

पहिली पंगत बसायला लागली तसे दादा सवयीनं भज्जीच्या पातेल्याकडं गेले आणि पळी उचलली. मैत्रिणीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "गुरुजी, बसा." ते आंबिलीच्या भांड्याकडं वळले, तिथं आई होती. तिनं नुसतं बघितलं. मग ते पंगतीच्या मधोमध, शिंप्याच्या आणि सासऱ्यांच्या मध्ये, जाऊन बसले. हात मांडीवर. पाहुणा म्हणून बसायचं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. नवीन शाळेत आलेल्या पोराला कुठं बघावं कळत नाही, तसे ते समोरच्या ज्वारीकडं बघत राहिले.

मैत्रिणीनं वाढलं. उंडा, खिचडा, आणि वाफा निघणारी भज्जी. दादांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, घास घेतला आणि ते थांबले. घास तोंडात, हात तसाच. मैत्रीण घाबरली.

"काय झालं, गुरुजी? मीठ?"

त्यांनी घास गिळला. "न्हाय," ते म्हणाले. "गरम हाय."

कुणाला काही समजलं नाही. मलाही नाही. आई माझ्याजवळ उभी होती, हातात आंबिलीचा तांब्या. तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं बघतिया. सगळ्यांचं झाल्याबिगर कधी बसलं न्हायती. गार भज्जी खरवडून खायचे."

चाळीस वर्षं. मी त्या रानात लहानाची मोठी झाले, दर वर्षी पहिल्या पंगतीला बसून पोट फुटेस्तोवर जेवले, आणि हे मला दिसलं नव्हतं.

दादा खाली मान घालून जेवत होते, न बोलता, चवीनं. मैत्रीण पातेलं घेऊन पंगतीतून फिरत दुसऱ्यांदा त्यांच्यापुढं आली. आमच्याकडं पाहुण्यानं आधी नको नको म्हणायचं असतं, ताटावर आडवा हात धरायचा असतो. सगळ्यांनी धरला होता.

"गुरुजी, आणखी थोडी?"

दादांनी दोन्ही हातांनी ताट उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

"वाढ, पोरी," ते म्हणाले.